आयोवातील ९९ काउंट्यांचे मध्यक उत्पन्न : एका हिवाळ्यातील कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

अमेरिकेतील आयोवा राज्यभर धान्यवाटप करणाऱ्या एका स्वयंसेवी गटासाठी मी सुट्टीच्या दिवशी आकडेमोडीची कामे करतो. या वेळी समन्वयक बाईंनी सांगितलेले काम वरकरणी सोपे आहे : राज्यातील ९९ काउंट्यांचे मध्यक कौटुंबिक उत्पन्न (निम्म्या कुटुंबांचे उत्पन्न ज्याच्या खाली आणि निम्म्यांचे वर असते तो आकडा) काढून, सर्वांत कमी उत्पन्नाच्या काउंटीपासून क्रमवार यादी द्यायची, म्हणजे नवी वाटप-केंद्रे कोठे उघडायची ते त्यावरून ठरवता येईल. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग असे सांगण्याची पद्धत आहे, परंतु इथल्या बहुतेक काउंट्या वस्तीने आपल्या तालुक्यापेक्षाही लहान असतात. २०२० च्या जनगणनेत ॲडम्स काउंटीत अवघे ३,७०४ लोक होते, तर ज्या पोल्क काउंटीत राजधानीचे शहर आहे तिथे ४,९२,४०१. हा फरक पुढे किती छळणार आहे याची मला आज कल्पना नाही. दोन शनिवार-रविवार, म्हणजे साधारण बारा तास लागतील असा अंदाज मी बाईंना कळवला आहे.

पहिली चूक आजच केली. वेळ वाचावा म्हणून एका खासगी विक्रेत्याकडून ४९ डॉलर भरून काउंटीनिहाय उत्पन्नाची तयार फाइल विकत घेतली.

७ जानेवारी, रविवार

फाइल उघडून पाहिली, तेव्हा तिच्यातील आकडे अमेरिकेच्या जनगणना ब्युरोने डिसेंबर २०२३ मध्ये मोफत प्रसिद्ध केलेल्या २०१८–२०२२ च्या पाच-वर्षीय आकड्यांशी डॉलरपर्यंत जुळले. फरक एवढाच की ब्युरोच्या तक्त्यात प्रत्येक आकड्याशेजारी त्रुटिमर्यादा, म्हणजे नमुन्यामुळे तो आकडा दोन्ही बाजूंना किती चुकलेला असू शकतो ते, दिलेली असते आणि विक्रेत्याने तो रकाना काढून टाकला होता. ज्या रकान्याशिवाय उरलेली फाइल निरुपयोगी आहे, नेमका तोच वगळून दिल्याबद्दल मी ४९ डॉलर मोजले. हे काम करणाऱ्याने काहीही विकत घेऊ नये. लागणारे सर्व आकडे सरकारी संकेतस्थळावर मोफत आहेत आणि यंत्राद्वारे ते मागवण्यासाठी लागणारी किल्लीही ई-मेल दिल्यावर लगेच मिळते.

मग मूळ पाहणीकडे वळलो. 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' ही नमुना पाहणी वर्षभर चालू असते आणि दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्ते तिच्यात निवडले जातात. मध्यक कौटुंबिक उत्पन्नाचा तक्ता 'बी १९०१३' या क्रमांकाचा आहे. नवे ते चांगले या समजुतीने मी एक-वर्षीय २०२२ चा तक्ता मागवला आणि ९९ ऐवजी १० ओळी मिळाल्या. आपलीच मागणी चुकली असेल असे समजून ती दुरुस्त करण्यात अडीच तास घालवले. मागणी बरोबर होती. एक-वर्षीय आकडे फक्त ६५,००० किंवा त्याहून अधिक वस्तीच्या विभागांसाठी प्रसिद्ध होतात, आणि आयोवात अशा काउंट्या दहाच आहेत : पोल्क, लिन, स्कॉट, जॉन्सन, ब्लॅक हॉक, वुडबरी, डॅलस, डब्यूक, स्टोरी आणि पॉटावॅटमी. उरलेल्या ८९ काउंट्यांसाठी पाच वर्षांचा नमुना एकत्र केलेला आकडाच घ्यावा लागतो.

१३ जानेवारी, शनिवार

काल हिमवादळ होते आणि आज घराबाहेर पडण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे गटाच्या केंद्रांची यादी उत्पन्नाच्या तक्त्याला जोडण्याचे काम एका बैठकीत उरकेन असे वाटले होते.

गटाच्या यादीत केंद्राचे शहर आणि काउंटी स्वयंसेवकांनी हाताने लिहिलेली आहे, आणि या राज्यातील नावे माणसाला फसवण्यासाठीच ठेवली असावीत असा संशय येतो. आयोवा राज्यात आयोवा नावाची काउंटी आहे, पण आयोवा सिटी हे शहर तिच्यात नसून जॉन्सन काउंटीत आहे. डी मॉइन नावाची काउंटी आहे, पण राजधानीचे डी मॉइन शहर पोल्कमध्ये येते. सू काउंटी आहे, पण सू सिटीचा बहुतांश भाग वुडबरीत आहे. स्वयंसेवकांनी शहराच्या नावावरून काउंटी लिहिली होती आणि मी ती तशीच स्वीकारली, त्यामुळे राजधानीतील सगळी केंद्रे राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातील डी मॉइन काउंटीच्या खात्यात जाऊन बसली. त्यातच ओब्रायन काउंटीच्या इंग्रजी नावातील (O'Brien) अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह एका फाइलमध्ये सरळ आणि दुसरीत वाकडे असल्यामुळे ती काउंटी जोडणीतून पूर्णपणे गळली आणि माझ्या पहिल्या यादीत ९८ च काउंट्या आल्या. ओळी मोजल्या नसत्या तर हे लक्षातही आले नसते.

दुरुस्ती : नावावरून कोणतीही जोडणी करायची नाही. प्रत्येक काउंटीला पाच अंकी सरकारी क्रमांक असतो. आयोवाचे पहिले दोन अंक १९, आणि पुढचे तीन अंक वर्णानुक्रमे विषम संख्यांत, ००१ पासून १९७ पर्यंत. केंद्रांचे पत्ते नकाशावर टाकून त्यांना हे क्रमांक दिले आणि नावाचा रकाना केवळ माणसांना वाचण्यासाठी ठेवला. सात तास.

१४ जानेवारी, रविवार

गटाच्या जुन्या अहवालातील आकड्यांशी माझे आकडे ताडून पाहिले, तर जुने आकडे जवळजवळ सर्वत्र बरेच मोठे. महागाई पाहता ते उलट असायला हवे होते. कारण सापडायला वेळ लागला नाही : जुना अहवाल 'फॅमिली' उत्पन्नाच्या तक्त्यावरून केलेला होता, 'हाउसहोल्ड' उत्पन्नाच्या नव्हे. मराठीत आपण दोन्हींना कुटुंबच म्हणतो, पण पाहणीत पहिल्याचा अर्थ नात्याने बांधलेली, एकत्र राहणारी दोन किंवा अधिक माणसे असा आहे, तर दुसऱ्यात एका घरात राहणारे सगळे, म्हणजे एकटी राहणारी वृद्ध स्त्रीदेखील मोजली जाते. ग्रामीण आयोवात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरे पुष्कळ आहेत आणि धान्य घ्यायला येणाऱ्यांत तीच माणसे अधिक असतात. त्यांना वगळून काढलेला मध्यक आमच्या कामाचा नाही. या नोंदींत पुढे 'कुटुंब' हा शब्द दुसऱ्या, व्यापक अर्थाने वाचावा.

२० जानेवारी, शनिवार

पाच-वर्षीय तक्ता त्रुटिमर्यादेसह मागवला. सगळ्या राज्याचा मध्यक ७०,५७१ डॉलर, देशाचा ७५,१४९ डॉलर. हे २०२२ च्या डॉलरमध्ये आहेत, म्हणजे आधीच्या वर्षांची उत्तरे ब्युरोनेच महागाईनुसार वर आणलेली आहेत. आणखी एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण तक्त्याच्या शीर्षकावरून ती कळत नाही : पाहणीत 'मागील बारा महिन्यांचे' उत्पन्न विचारतात आणि मुलाखती वर्षभर चालतात, त्यामुळे जानेवारी २०१८ मध्ये उत्तर देणाऱ्याने बव्हंशी २०१७ चे उत्पन्न सांगितलेले असते.

उत्पन्न म्हणजे करापूर्वीचे रोख उत्पन्न. धान्याची सरकारी कुपने त्यात धरत नाहीत, मालमत्ता विकून झालेला नफाही धरत नाहीत. शेतीचे उत्पन्न खर्च वजा जाता धरले जाते आणि ते उणेही असू शकते. मक्याचा भाव पडलेल्या वर्षी कोट्यवधींची जमीन असलेले घर कागदावर सर्वांत खालच्या गटात दिसू शकते, हे बाईंना सांगायला हवे.

२७ जानेवारी, शनिवार

गट प्रत्यक्षात काउंटीगणिक काम करत नाही; तीन-चार काउंट्यांचा एक विभाग अशी त्यांची रचना आहे. म्हणून बाईंनी विभागवार आकडेही मागितले. मी प्रत्येक विभागातील काउंट्यांचे मध्यक घेतले, कुटुंबसंख्येने भारित सरासरी काढली आणि पाठवून दिली. रात्री झोपताना लक्षात आले की मध्यकांची सरासरी म्हणजे एकत्रित समूहाचा मध्यक नव्हे. भार दिल्याने ते उत्तर केवळ सभ्य दिसते, बरोबर होत नाही.

योग्य रीत आपल्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकातील आहे : वर्गीकृत वारंवारता सारणीचा मध्यक. 'बी १९००१' या तक्त्यात कुटुंबे सोळा उत्पन्नगटांत वाटून दिलेली आहेत, १०,००० डॉलरच्या आतला पहिला गट आणि २ लाख डॉलर व त्यावरचा शेवटचा. विभागातील सर्व काउंट्यांची कुटुंबे गटागटाने मिळवायची, संचित वारंवारता काढायची, निम्मी कुटुंबे ज्या गटात पूर्ण होतात तो मध्यक वर्ग धरायचा आणि त्याच्या आत प्रमाणात पुढे सरकायचे. सरावासाठी सोपे आकडे घेऊ : विभागात एकूण ८,००० कुटुंबे आहेत, ६०,००० डॉलरच्या खाली ३,६४० आणि ६०,००० ते ७५,००० या गटात ९००. निम्म्यापर्यंत, म्हणजे ४,००० पर्यंत पोहोचायला ३६० कुटुंबे कमी पडतात. ३६० भागिले ९०० म्हणजे ०.४; गटाची रुंदी १५,००० असल्यामुळे ६,००० पुढे जायचे आणि मध्यक ६६,००० डॉलर.

ही रीत माझ्याकडून बरोबर वापरली जात आहे का हे तपासण्याचा सोपा उपाय असा की एकेकट्या काउंटीचा मध्यक याच सूत्राने काढून तो ब्युरोच्या छापील मध्यकाशी ताडावा. बहुतेक ठिकाणी उत्तरे जवळ आली, पण तंतोतंत नाही. ब्युरो स्वतः मध्यक काढताना २,५०० डॉलर रुंदीचे बारीक गट वापरते आणि आपल्याला दिसणारे गट मध्यकाच्या आसपास १०,००० ते २५,००० डॉलर इतके रुंद आहेत. रुंद गटाच्या आत कुटुंबे सारखी पसरली आहेत हे गृहीतक थोडे खोटे ठरते. विभागवार आकडे म्हणून मी पाचशे डॉलरपर्यंत पूर्णांकित करून दिले. त्यापुढचे अंक छापणे म्हणजे नसलेली अचूकता मिरवणे. आदल्या ई-मेलबद्दल दिलगिरीचे पत्रही पाठवले.

२८ जानेवारी, रविवार

पाहणीच्या मूळ उत्तरांची निनावी फाइलही मिळते, तिच्यावरून सारे थेट काढू असा उत्साह आला. ती फाइल काउंटीनुसार नसून किमान एक लाख वस्तीच्या विभागांनुसार आहे, त्यामुळे ग्रामीण आयोवातील अनेक काउंट्या तिच्यात एकाच विभागात मिसळलेल्या आहेत. संपूर्ण रविवार वाया गेला.

३ फेब्रुवारी, शनिवार

लहान काउंट्यांच्या त्रुटिमर्यादा पाहून यादी देण्याचे धाडस होईना, म्हणून पूरक पुरावा म्हणून आयकर खात्याचे काउंटीनिहाय आकडे घेतले. दर विवरणपत्रामागे सरासरी उत्पन्न काढले तर पोल्क काउंटीत ऐंशी-नव्वद डॉलरच्या घरात उत्तर आले. त्या फाइलमधील सर्व रकमा हजार डॉलरमध्ये असतात, हे सोबतच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानांत लिहिलेले आहे आणि मी ते वाचले नव्हते.

ती चूक दुरुस्त झाली तरी मूळ अडचण राहतेच. विवरणपत्र म्हणजे कुटुंब नव्हे : एका घरातून दोन-तीन विवरणपत्रे जाऊ शकतात आणि केवळ सामाजिक सुरक्षेच्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाला बहुधा एकही भरावे लागत नाही. कोविडच्या काळात तर मदतीची रक्कम मिळावी म्हणून एरवी न भरणाऱ्यांनीही विवरणपत्रे भरली, त्यामुळे त्या वर्षांची संख्या आधीच्या वर्षांशी ताडता येत नाही. या आकड्यांवरून उत्पन्न वाचता येत नाही, पण काउंटी-काउंटीतील चढउताराचा सुगावा लागतो. तेवढ्यासाठी ते ठेवले.

१० फेब्रुवारी, शनिवार

मॉडेल करायचे ठरवले. कल्पना अशी : देशभरातील मोठ्या काउंट्यांचे एक-वर्षीय मध्यक प्रसिद्ध आहेतच (अशा काउंट्या आठशेहून अधिक आहेत), त्यांचा करविवरणाच्या आकड्यांशी आणि वृद्धांच्या प्रमाणाशी संबंध शोधायचा आणि तो संबंध आयोवाच्या ८९ लहान काउंट्यांना लावायचा.

देशभराची फाइल हातात घेताच नव्या गमती सुरू झाल्या. एक्सेलने क्रमांकांच्या सुरुवातीची शून्ये खाल्ली, त्यामुळे अलाबामातील ०१००१ चे १००१ झाले आणि ज्यांचे क्रमांक शून्याने सुरू होतात ती सातही राज्ये जोडणीतून गळून पडली. आयोवा १९ असल्यामुळे महिनाभर हा दोष माझ्यापासून लपून राहिला होता. त्यानंतर कनेक्टिकट : २०२२ च्या आकड्यांपासून तिथल्या आठ काउंट्यांच्या जागी नऊ नियोजन-प्रदेश आले आहेत आणि त्यांचे क्रमांकही नवे आहेत, म्हणून जुन्या कर-फाइलशी ते राज्य जुळतच नाही, मी ते वगळले. पुढे तपासणीसाठी सर्व काउंट्यांचे पाच-वर्षीय मध्यक घेतले, तेव्हा काही सरासऱ्या चक्क उणे आल्या. नमुना अपुरा असल्यामुळे मध्यक काढता आला नाही हे सांगण्यासाठी ब्युरो त्या जागी उणे ६६,६६,६६,६६६ ही सांकेतिक संख्या ठेवते. टेक्सासच्या लव्हिंग काउंटीसारख्या, २०२० मध्ये ६४ लोकांची नोंद झालेल्या जागा देशात असल्यावर असे काहीतरी लागणारच. पण संगणकाने तिला उत्पन्न समजून हिशेबात घेतले. कोणताही हिशेब करण्यापूर्वी रकान्यातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्या डोळ्यांनी पाहावी, ही सवय मला आज लागली.

एवढे सगळे निस्तरून मॉडेल बसवले आणि ते फसले. मोठ्या काउंट्यांवर ते छान बसत होते, पण लहान शेतकरी काउंट्यांत त्याचा अंदाज पुन्हापुन्हा वरच्या बाजूला झुकत होता. कारण विचार केल्यावर उघड आहे : ६५,००० च्या वरच्या काउंट्या म्हणजे बहुतांश शहरे आणि उपनगरे, आणि तिथे शिकलेला संबंध विवरणपत्र न भरणाऱ्या वृद्धांच्या आणि तोट्यातील शेतीच्या प्रदेशाला लावणे चुकीचेच होते.

१७ फेब्रुवारी, शनिवार

रात्री साडेनऊला, म्हणजे पुण्यात रविवारी सकाळी नऊला, मामेभावाशी बोललो. तो महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. त्याने फे आणि हेरियट यांच्या १९७९ च्या पद्धतीकडे वळायला सांगितले. ती नेमकी अशाच अडचणीतून जन्मलेली आहे : हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावांचे उत्पन्न जनगणनेच्या नमुन्यावरून ठरवायचे होते आणि नमुना तोकडा पडत होता. पद्धतीचा गाभा असा की प्रत्येक काउंटीसाठी पाहणीचा आकडा आणि मॉडेलचा आकडा या दोघांचे मिश्रण घ्यायचे. पाहणीची त्रुटी जितकी मोठी तितका मॉडेलला अधिक भार. यात सर्व काउंट्यांचे पाच-वर्षीय आकडे वापरता येतात, म्हणून शहरी काउंट्यांवरून ग्रामीण काउंट्यांचा अंदाज करण्याचा दोष टळतो. संख्याशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या 'आर' या संगणकीय भाषेत त्यासाठी तयार आज्ञावली आहे.

मी ती चालवली आणि बढाईने पडदा त्याला दाखवला. त्याने दोन मिनिटे रकाने पाहिले आणि विचारले, "दादा, ही त्रुटी नव्वद टक्क्यांची आहे ना? मग १.६४५ ने भागलं का?"

भागले नव्हते. ब्युरो जी त्रुटिमर्यादा छापते ती ९० टक्के विश्वासपातळीची असते. पद्धतीला लागणारे अनिश्चिततेचे मूळ माप, म्हणजे प्रमाण त्रुटी, हवी असेल तर तिला १.६४५ ने भागावे लागते. मी मर्यादाच प्रमाण त्रुटी म्हणून वापरली होती. याचा परिणाम किती होतो हे सरावाच्या आकड्यांवर पाहू. मध्यक ६०,००० डॉलर, छापील मर्यादा ६,५८०. खरी प्रमाण त्रुटी ४,०००, म्हणजे मध्यकाच्या ६.७ टक्के, लॉगॅरिदमच्या मापात तिचा वर्ग ०.००४४. मॉडेलचे स्वतःचे विचरण (त्याच्या त्रुटीचा तसाच वर्ग) ०.००४ धरले तर पाहणीच्या आकड्याला ४७ टक्के भार मिळतो. माझ्या चुकीने तो वर्ग ०.०१२० झाला आणि भार २५ टक्क्यांवर आला. म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष दिलेल्या उत्तरांचे वजन मी जवळजवळ निम्म्यावर आणले होते, आणि पडद्यावर कोठेही तांबडी खूण उमटली नव्हती. उलट सगळे आकडे अधिक गुळगुळीत आणि देखणे दिसत होते.

फोन ठेवण्यापूर्वी तो म्हणाला की आपल्याकडे राष्ट्रीय नमुना पाहणीत घरोघरी बहुधा खर्चच विचारतात, उत्पन्न नव्हे, त्यामुळे महाराष्ट्राच्या जिल्ह्यांसाठी असा तक्ता समोर ठेवून असली चूक करण्याचीही सोय नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

दुरुस्त मॉडेलची उत्तरे कोणाशी तरी ताडून पाहावीत म्हणून शोधताना, जे पहिल्या दिवशी पाहायला हवे होते ते आज पाहिले. जनगणना ब्युरो स्वतःच 'सेप' या नावाने लहान क्षेत्रांच्या उत्पन्नाचे आणि दारिद्र्याचे अंदाज दरवर्षी प्रसिद्ध करते. देशातील जवळजवळ प्रत्येक काउंटीचे एकेका वर्षाचे मध्यक उत्पन्न त्यात मर्यादांसह मिळते, आणि २०२२ चे आकडे डिसेंबरमध्येच आले आहेत. शाळांना केंद्र सरकारचा निधी वाटताना त्यातील दारिद्र्याचे आकडे वापरले जातात. पद्धतीचा गाभा तोच, जो मी दोन आठवडे घरी उभारत होतो. फरक इतकाच की त्यांच्याकडे अप्रसिद्ध एक-वर्षीय आकडे सर्व काउंट्यांचे असतात आणि करविवरणांवरून ते सरासरी नव्हे तर थेट मध्यक काढू शकतात. माझे घरगुती मॉडेल त्यांच्यापुढे टिकण्याचे काही कारणच नाही. ते मी बाजूला ठेवले. त्यावर गेलेले वीस तास शिकण्याच्या खाती मांडतो. ते काढून टाकले असते तर हे काम पंधरवड्यात झाले असते.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर काही काउंट्यांत बरेच अंतर दिसते, आणि ते अंतर म्हणजे चूक नव्हे. 'सेप'चा आकडा फक्त २०२२ सालाचा आहे. दुसरा पाच वर्षांचे मिश्रण आहे. डॅलस काउंटीची वस्ती २०१० मध्ये ६६,१३५ होती ती २०२० मध्ये ९९,६७८ झाली; इतक्या वेगाने नवी घरे उठणाऱ्या उपनगरी काउंटीत पाच वर्षांचे मिश्रण आजच्या स्थितीच्या मागे पडणे साहजिक आहे. उलट ज्या काउंटीत फारसे काही बदलत नाही तिथे मिश्रणाने काही बिघडत नाही.

निर्णय : एकेकट्या काउंटीसाठी 'सेप', विभागांसाठी पाच-वर्षीय सोळा गटांची बेरीज, कारण 'सेप'मध्ये उत्पन्नगट नसतात आणि नुसते मध्यक एकत्र करता येत नाहीत.

२ मार्च, शनिवार

बाईंशी तासभर बैठक. त्यांना १ ते ९९ असा क्रम हवा होता आणि तो देणे मला प्रामाणिक वाटत नव्हते. त्यांना पटावे म्हणून कागदावर दोन काउंट्या मांडल्या : एक ६०,००० डॉलर, मर्यादा ६,५८०; दुसरी ६६,०००, मर्यादा ४,९३५. प्रमाण त्रुटी अनुक्रमे ४,००० आणि ३,०००; दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढले की फरकाची त्रुटी ५,०००. फरक ६,०००, म्हणजे त्रुटीच्या १.२ पट, १.६४५ पट झाल्याशिवाय दोन्ही काउंट्या वेगळ्या आहेत असे ९० टक्के खात्रीने म्हणता येत नाही. यादीत या दोघींमध्ये वीस-पंचवीस काउंट्या बसू शकतात आणि पुढच्या वर्षी त्यांची जागा उलटूही शकते. बाई म्हणाल्या, "मग मागच्या वर्षी आम्ही ३१ व्या क्रमांकाला केंद्र दिलं आणि ३४ व्याला नाही, ते कशावर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

क्रमाऐवजी तीन गट करायचे ठरले : जिची मर्यादेसह वरची कडाही राज्याच्या मध्यकाखाली राहते अशी काउंटी पहिल्या गटात, जिची खालची कडा त्याच्या वर राहते ती तिसऱ्या गटात, आणि उरलेल्या सगळ्या मध्ये. मधला गट सर्वांत मोठा झाला. बाईंना तो आवडला नाही, पण तिथे उत्पन्नाऐवजी केंद्रापासूनचे अंतर पाहून ठरवावे हे त्यांनी मान्य केले.

त्यांनी आणखी एक विचारले : गेल्या पाच वर्षांत कोण खाली घसरले? त्यासाठी २०१३–२०१७ आणि २०१८–२०२२ हे एकमेकांवर न चढणारे दोन संच घ्यावे लागतात. लागोपाठच्या दोन संचांत चार वर्षे सामाईक असतात. पहिला संच २०१७ च्या डॉलरमध्ये आहे, त्याला सुमारे १९ टक्क्यांनी वर आणावे लागते. हे न करता मी आधी एक तक्ता केला होता, त्यात जवळजवळ सगळ्या काउंट्या श्रीमंत झाल्या होत्या. तो कोणालाही न दाखवता पुसून टाकला.

९ मार्च, शनिवार

गटांची यादी एकदा नजरेखालून घातली. स्टोरी काउंटी खटकते. तिथल्या एम्स शहरात राज्य विद्यापीठ आहे. वसतिगृहातील विद्यार्थी कुटुंबांत मोजले जात नाहीत, पण भाड्याच्या घरात तिघे-चौघे मिळून राहणारे मोजले जातात, आणि त्यांच्या तुटपुंज्या कमाईने काउंटीचा मध्यक खाली ओढला जातो. जॉन्सनचेही तसेच. याच्या उलट ब्यूना व्हिस्टा काउंटीतील स्टॉर्म लेकमध्ये मांसप्रक्रिया कारखान्यांत काम करणारी स्थलांतरितांची घरे आहेत. एका घरात तीन कमावते असले की घराचे उत्पन्न बरे दिसते, परंतु ते किती तोंडांत वाटले जाते हे मध्यक सांगत नाही. या तिन्ही काउंट्यांच्या ओळीशेजारी तशी टीप लिहिली आणि दर कुटुंबातील माणसांच्या सरासरी संख्येचा रकाना जोडला.

१६ मार्च, शनिवार

फाइल दिली. दोन पाने : पहिल्यावर ९९ ओळी, प्रत्येकीत सरकारी क्रमांक, नाव, २०२२ चा मध्यक, खालची आणि वरची कडा, गट आणि टीप, दुसऱ्यावर विभागांचे पूर्णांकित मध्यक. क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून बांधून ठेवला आहे, पुढे कोणी शेजारच्या राज्यांचे आकडे जोडले तरी शून्ये जाऊ नयेत म्हणून. एकूण वेळ एकाहत्तर तास, खर्च ४९ डॉलर, आणि ते परत मागण्याची मुदत जानेवारीतच संपली.

संध्याकाळी बाईंचा ई-मेल आला. काउन्सिल ब्लफ्सच्या केंद्रावर नदीपलीकडून, म्हणजे नेब्रास्कातील ओमाहाहूनही लोक येतात, तर पॉटावॅटमी आणि पलीकडची डग्लस काउंटी मिळून मध्यक काढता येईल का? येईल, १९१५५ आणि ३१०५५ या दोन्हींचे सोळा गट मिळवले की झाले. पण डग्लसची वस्ती कितीतरी पट मोठी असल्यामुळे येणारे उत्तर जवळजवळ ओमाहाचेच असेल, हे कळवून त्यांना विचारले आहे की पलीकडून येणाऱ्यांची नोंदवही केंद्रावर ठेवतात का.